बोटभर तेल

अक्का, तुझ्याविषयी 'सोशिक' असा शब्द छापून आला आहे.

पाचोऱ्याच्या प्रकाशने, म्हणजे तुझ्या दिराच्या मुलाने, वर्तमानपत्रात तुझे छायाचित्र दिले आणि त्याखाली तीन ओळी दिल्या. तू प्रेमळ, सोशिक आणि धर्मपरायण होतीस, असे त्यांत म्हटले आहे. प्रेमळ या शब्दाला माझी हरकत नाही. धर्मपरायण हा शब्द अशा मजकुरात सगळ्यांच्याच वाट्याला येतो, त्याच्याशी काय भांडायचे. पण सोशिक या शब्दावर मी आक्षेप नोंदवतो. एकवीस वर्षे मी, तुझा भाऊ, तुझ्यासमोर पाटावर बसून जेवलो आहे. ज्या बाईने या घरात आल्यापासून तिसऱ्या दिवशी माझा तराजू माळ्यावर टाकला आणि 'तुनी जमीन मोज, मनी बरनी मोजू नको,' असे मला माझ्याच स्वयंपाकघरात सुनावले, ती सोशिक नव्हती. तुला जे पटले नाही ते तू आपल्या पद्धतीने करून टाकलेस, आणि जे बोलायचे नव्हते ते बोलली नाहीस. त्या न बोलण्याला लोकांनी सोसणे असे नाव दिले आहे.

वर 'माझ्याच स्वयंपाकघरात' असे लिहून गेलो. ते खोडायला हवे. त्याकडे येतोच.

तू गेलीस त्याच्या आदल्या सकाळी आपण कैऱ्या फोडल्या. मला एकच किलो घ्यायची होती, पण विकणारा म्हणाला, 'एक किलोचं लोणचं कोणी घालतं का आप्पा,' आणि मग त्याचा भाव पाडून दोन किलो घेतल्यावाचून मला तेथून हलता आले नाही. हे मी तुला सांगितले नव्हते. तू पिशवी नुसती उचलून पाहिलीस आणि म्हणालीस, 'आज कोनासंगे भांडना?'

'कोणाशी नाही.'

'मंग इतली कैरी कशी उनी?'

अडकित्ता मी धरला. कोयी तू काढल्यास, फोडी तू पुसल्यास, मीठ-हळद तू लावलीस, आणि त्या जुन्या तपकिरी गळ्याच्या चिनी मातीच्या बरणीत त्या भरून तिच्या तोंडाला धुतलेले फडके बांधलेस. बरणी खिडकीपाशी ठेवली. 'दोन दिन खार सुटू दे, मंग मसाला,' हे तुझे तिच्याविषयीचे शेवटचे बोलणे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा चहा अर्धा राहिला. त्यावर मी अधिक लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नाही. तेवढे एक म्हणणे मी तपासून न पाहता मान्य केले आहे.

घरातले माणूस गेले की त्या घराने वर्षभर लोणची-पापड घालायचे नाहीत, ही आपल्याकडची रीत. तू ती कसोशीने पाळायचीस. नातलग, शेजारी आपल्या घरचे आणून देतात ते खायचे. आपल्या घरात बरणी भरायची नाही. तेव्हा खिडकीतल्या बरणीचे काय करायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला. कोणीतरी म्हणाले, खतात टाकून द्या. मी म्हणालो, बरणीला हात लावील त्याला मी दाराबाहेर काढीन. आणि रोज सकाळी मी ती दोन्ही हातांनी उचलून हलवू लागलो, तू हलवायचीस तशी, तळाचा खार वर यावा म्हणून. सुतकात हात लावू नये असे ज्यांचे मत होते, त्यांच्या देखत हलवली. मिठातली कैरी पंधरा-वीस दिवस सहज टिकते हे मला तुझ्यामुळे ठाऊक होते. त्यापुढे काय, ते मात्र ठाऊक नव्हते.

चौथ्या दिवशी प्रकाशने गुरुजींना आणले. पुढचे विधी तुझ्या सासरी, पाचोऱ्याला व्हायचे ठरले. उठता उठता गुरुजी मला म्हणाले, 'आप्पासाहेब, लग्न झालेली बहीण भावाच्या घरी वारली तर भावाला तीनच दिवस. तुमचं काल फिटलं. दहा दिवस पाळायचे ते पाचोऱ्याच्या घराने.'

हे ऐकून प्रकाशची बायको मंगल आतून बाहेर आली. मुलगी मनाने चांगली आहे. चार दिवस तिने मला गरम भाकरी वाढली आणि मी दोनदा तिच्यावर ओरडलो तरी तिसऱ्यांदा वाढली. ती म्हणाली, 'मग सुटला की प्रश्न, आप्पा. तुमच्या घराला वर्षाचं बंधनच नाही. आजच मसाला घालून देते. काकू इथं पाहुण्याच होत्या ना, शास्त्राप्रमाणे.'

अक्का, तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही: मला आनंद झाला. बरणी वाचली होती. वाद मी जिंकला होता, तोही शास्त्राच्या आधाराने. मी स्वतः उठून मोहरीची डाळ काढून दिली, मेथी काढून दिली, तिखटाचा डबा काढला. हिंगाची डबी सापडेना. सगळी फळी उतरवली. शेवटी ती पिठाच्या डब्यामागे सापडली, आणि ती हातात घेऊन उभा असताना मंगलचा शब्द मला ऐकू आला. तो बोलला गेला होता केव्हाच; मला ऐकू आला तेव्हा. पाहुणी. स्वतःच्या घरात ज्याला हिंग सापडत नाही तो घरधनी, आणि जिने एकवीस वर्षे ते तेथे ठेवले ती पाहुणी.

आता ती गोष्ट लिहितो, जी एवढी वर्षे चुकीची सांगितली गेली. सांगितली लोकांनी, पण मी दुरुस्त केली नाही, म्हणून ती माझीच. मी भूमापक होतो. दोन भावांच्या बांधावर उभे राहून, दोघांच्या शिव्या ऐकत, साखळी ताणण्यात माझी नोकरी गेली. हद्दीत वीतभर चूक मी कोणाची चालू दिली नाही. ही मात्र चालू दिली.

लोकांची गोष्ट अशी: बहीण विधवा झाली. मूलबाळ नाही, सासरी विचारणारे नाही. भाऊ बिनलग्नाचा, पण थोर मनाचा. त्याने तिला धुळ्याला आणले आणि आसरा दिला.

घडले ते असे. उभी नोकरी मी खानावळीत जेवलो, आणि निवृत्त होऊन घरी बसलो त्याच वर्षी मला कावीळ झाली. डॉक्टरांनी बाहेरचे जेवण बंद केले. दोन महिने मी मुरमुरे, ताक आणि करपलेला भात यांवर काढले. मग एस.टी.त बसून पाचोऱ्याला आलो. तू ओसरीवर लिंबे चिरत बसली होतीस. तुझ्या वाट्याच्या दोन खोल्या होत्या, मागे तुझे आंब्याचे झाड होते, अर्ध्या गल्लीत तुझे लोणचे जात होते. सासरी तुला विचारणारे कोणी नव्हते हे साफ खोटे. लग्न कोणाचेही असो, मुरंबा किती घालायचा हे विचारायला माणसे तुझ्या ओसरीवर येत. तू आपल्या जागी राजी होतीस. आजारी होतो मी, उपाशी होतो मी.

'अक्का, माझ्याकडे चल,' मी म्हणालो. 'माझं जेवणाचं होत नाही.'

'कितला दिनसाठे?'

'हातपाय चालतात तोवर.'

'कोना हातपाय?'

'माझे.'

तू मान खाली घालून हसलीस आणि लिंबे चिरत राहिलीस. मी उभा होतो. मला बस म्हणायचेही तुझ्या ध्यानात आले नाही, किंवा आले असूनही तू म्हणाली नाहीस. शेवटचे लिंबू झाल्यावर विळी आडवी करून विचारलेस, 'लोकेस्ले काय सांगशी?'

एवढा मोठा अधिकारी माणूस बहिणीकडे जेवण मागायला आला, हे लोकांना कसे सांगायचे, याच विचारात मी पाचोरा स्थानकावर उतरलो होतो. ते तू माझ्या तोंडावरून वाचलेस. 'सांग, बहीनले लई उनू म्हनीसन,' तू म्हणालीस. बहिणीला मीच घेऊन आलो, असे सांगायचे. 'मनं काय जास?'

तुझे पुष्कळ गेले, अक्का. दोन खोल्यांना कुलूप लागले. तुझ्या झाडाच्या कैऱ्या दुसऱ्यांनी उतरवल्या. जिला विचारून गल्ली मुरंबा घालत होती, ती धुळ्यात येऊन 'आप्पांची विधवा बहीण' झाली. आणि मी, लोकांच्या तोंडून माझी थोरवी ऐकत, मान हलवत राहिलो. तूही तेथेच आत पोळ्या लाटत असायचीस. तुला ऐकू जात होते.

एक मात्र तू कधी मान्य केले नाहीस. दोन माणसांचे घर हे लहान घर असते, हे माझे म्हणणे. चौदा माणसांच्या घरात तुझा हात बसलेला. पहिल्या दिवशी तू एवढे वरण केलेस की ते मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरले. मी म्हणालो, अक्का, आपण दोघे आहोत. दोन भाकरी माझ्या, दोन तुझ्या. तू चार करायचीस आणि मग पाचवी थापायचीस.

'पाचवी कुणासाठी?'

'येई कोनीतरी.'

'आणि नाही आलं तर?'

'हाई घर शे, दुकान नई.'

बहुतेक वेळा ती पाचवी भिंतीवरून खैरूनबीकडे जायची. खैरूनबी आपली शेजारीण, तिचा नवरा गाद्या-रजया भरतो. तिकडून कधी शिरखुर्मा यायचा, कधी नुसती हाक यायची. भरताचे वांगे मात्र तू एकच भाजायचीस, कारण ते मी निवडून आणलेले असायचे आणि दुसरे तुझ्या मनास येत नसे. लाकडी उखळीत ते कुटताना तू मला पातीचा कांदा चिरायला बसवायचीस आणि माझ्या चिरण्याकडे पाहून म्हणायचीस, 'बठ्ठा एकसारखा. जशी काय हद्द घालस.' ती थट्टा होती की कौतुक, हे मी विचारले नाही. आता कोणाला विचारू.

फळांचे आपले निराळेच होते. दोन माणसांच्या घरात फळ खाऊन संपत नाही, आणि मला थोडके आणता येत नसे. भावावरून बोलाचाली झाली की मी आख्खी पेटी उचलायचो. आंबे एकदम पिकायचे, जळगावकडच्या कोणी दिलेला केळीचा घड चार दिवसांत काळा पडू लागायचा, लिंबे शेकड्याने यायची. तू एक शब्द न बोलता सुरी घेऊन बसायचीस. आंब्यांचा साखरआंबा, केळी चिरून उन्हात, लिंबे मिठात, थंडीत आवळे गुळात. एकदा मी फार अभिमानाने सांगितले की पेटीमागे अमुक एवढे कमी करून आणले. तू म्हणालीस, 'तू भांडीसन आनस, मी मुरावस.' मला त्या दिवशी राग आला होता. आज हे वाक्य लिहिताना मला दोनदा चष्मा काढावा लागला.

आणि आता ती बुरशी.

तू आल्यानंतर चौथे वर्ष असेल. मी ठरवले की आपल्या घरासाठी लोणच्याचे शास्त्रशुद्ध प्रमाण काढायचे. तुला विचारून विचारून, तू वैतागून सांगितलेस तसे, दहा किलो कैरीचे मीठ, मोहरी, मेथी, तिखट, हळद, हिंग, तेल हे सारे मी लिहून घेतले. मग प्रत्येकाचा पाचवा हिस्सा काढला आणि सुवाच्य अक्षरात कागदावर मांडून, वर 'दोघांचे प्रमाण' असे शीर्षक देऊन, कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तू वाचून म्हणालीस, 'तेलनं असं नई चालाव. तेल वर दिसाले पायजे. बोटभर.'

'कुणाचं बोट? तुझं की माझं? बोट हे माप नाही, अक्का.'

'मनं बोट.'

मी ऐकले नाही. माळ्यावरून तराजू उतरवला, तेल मोजून ओतले. श्रावण संपता संपता बरणीत वरच्या फोडींवर पांढरी बुरशी धरली. त्याच आठवड्यात प्रकाश आला होता. त्याला लोणचे वाढता येईना, तेव्हा मी त्याच्यासमोर म्हणालो, 'अक्काचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही.' तू माझ्याकडे पाहिलेस. नुसते पाहिलेस. मग आत जाऊन वरचा थर काढून टाकलास आणि त्याला लिंबाचे लोणचे वाढलेस.

चूक माझ्या हिशेबाची होती, आणि ती मला दिवाळीच्या आत कळली होती. बरणी तीच. कैरी पाचवा हिस्सा झाली म्हणून बरणीची रुंदी पाचवा हिस्सा होत नाही. फोडींवर जेवढ्या जाडीचा तेलाचा थर दहा किलोला लागतो, तेवढाच दोन किलोलाही लागतो. क्षेत्रफळ आणि खोली यांतला भेद ज्याने जन्मभर कागदावर काढला, त्याला तो बरणीत दिसला नाही. पुढल्या वर्षी तू मुकाट्याने बोटभर तेल घातलेस. मी मुकाट्याने खाल्ले. कागद तसाच चिकटलेला राहिला. तू तो फाडला नाहीस, मी सुधारला नाही. चूक झाली हे दोन शब्द मी त्या कागदावर लिहू शकलो असतो. तू रोज ते कपाट उघडत होतीस.

तर चौथ्या दिवसाची दुपार. दारावर भेटायला आलेली माणसे अंगणात सतरंजीवर बसली होती. आत मंगल मोहरीची डाळ निवडत होती. प्रकाश कोणाला तरी सांगत होता, 'आप्पांनी मात्र सांभाळलं हो काकूला. एकवीस वर्षं आसरा दिला. आजकाल सख्खा मुलगा करत नाही.' माना हलल्या. हिंगाची डबी माझ्या हातातच होती.

'प्रकाश, थांब. हे चूक आहे,' मी म्हणालो.

'काय चूक, आप्पा?'

'मी आसरा दिला नाही. मी मागितला. तुमच्या पाचोऱ्याच्या ओसरीवर उभं राहून मागितला. मला खायला घालणारं कोणी नव्हतं म्हणून ती आली.'

'राहू द्या आप्पा. दुःखात माणसाला असं वाटतं.'

'मला वाटत नाही, मी सांगतो आहे. तू तेव्हा कुठे होतास? शाळेत होतास.' माझा आवाज चढला असेल. 'आणि ती पाहुणी नव्हती. कागदावर माझं नाव आहे, पण तिला विचारल्याशिवाय मला या घरात हिंग सापडत नाही. घर तिचं होतं. म्हणून मी तीन दिवस मानत नाही. दहा पाळीन. आणि वर्षही पाळीन.'

'शास्त्रात तसं नाही, आप्पा.'

'शास्त्राने सांगितलं त्याहून जास्त पाळलं तर शास्त्र मला पकडून नेणार नाही.'

कोणीतरी हसले, आणि मग हसल्याबद्दल खाकरले. मी बसणार होतो. पण एकदा साखळी ताणली की शेवटच्या खुंटीपर्यंत जावे लागते. म्हणालो, 'आणि त्या वर्षी लोणच्याला बुरशी आली होती ती तिच्या हाताने नाही. माझ्या गणिताने आली.'

प्रकाशने माझ्याकडे काळजीने पाहिले. 'कोणती बुरशी, आप्पा?'

त्याला आठवत नव्हते, अक्का. ज्याच्यासमोर मी तुझा हात कमी ठरवला, त्याच्या ते लक्षातही राहिले नव्हते. एवढी वर्षे ते फक्त तुझ्या-माझ्यात होते, आणि आता फक्त माझ्यात आहे.

तेवढ्यात मंगल दारात आली. तिच्या हातात मोहरीचे ताट होते. तिने आतून सगळे ऐकले होते आणि तिने तेच विचारले जे कोणीही शहाण्या माणसाने विचारले असते: 'मग बरणीचं काय करायचं, आप्पा?'

तुला पाहुणी म्हटले असते तर तुझी बरणी राहत होती. घर तुझे म्हटले, तर त्या घरात वर्षभर बरणी भरता येत नव्हती. मी म्हणालो, 'मसाला परत ठेव.' तिने ठेवला. हिंगाची डबीही माझ्याकडून घेतली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवली. तुझ्या जागी.

दहा दिवस मी पाळले. विधींसाठी पाचोऱ्याला जाऊन आलो. तुझी ओसरी आहे तशीच आहे. झाडाला यंदा बरे लागले आहे. ते सगळे आपापल्या घरी गेले आणि मी येथे एकटा राहिलो. पहिल्या संध्याकाळी खिचडी लावली. दोघांचे प्रमाण मला तोंडपाठ आहे. एकाचे काढताना ते अर्धे केले, आणि पाणी चुकले. कपाटाच्या दाराला तो कागद होता, त्याच्याकडे पाहिले नाही. बरणी रोज सकाळी हलवत होतो. कैरी खारात मऊ पडू लागली होती. आणखी किती दिवस हलवणार, असे मीच मला विचारले. चौदाव्या सकाळी मी ती उचलून मागच्या दारी आणली, पेरूच्या झाडापाशी. खड्डा मी आदल्या दिवशीच खणला होता.

भिंतीपलीकडून खैरूनबीची हाक आली. 'आप्पा, वो क्या करते?'

'काही नाही.'

'काही नाही कैसे? अक्काकी बरनी है वो. हमको मंगलने सब बोला जाते टाइम.' तिने हातातली बादली खाली ठेवली. 'तुमच्यात वरीसभर लोणचं घालत नाहीत ना घरात?'

'नाही.'

'पण दुसऱ्याच्या घरचं खातात?'

'खातात.'

'तो मेरा घर दुसरा नही है क्या? दो इधर.'

मी म्हणालो, मी कोणाकडे काही मागत नाही. ती म्हणाली, 'तुम कहाँ मांगे? मैं मांगती ना. एकवीस बरस पाचवी भाकर किसने खाई? अब मैंने क्या बोलना, अक्काकू, के तुम्हारी कैरी गड्डे में डालते देखी और बादली भरके अंदर चली गई?'

वाद घालण्यासारखे बरेच होते. हे लोणचे शेजारच्या घरचे कसे ठरते, ज्याची कैरी आमची आणि मीठ आमचे. हद्द कोठे धरायची. गुरुजी काय म्हणतील. अशी प्रकरणे मी पुष्कळ हाताळली आहेत आणि कोणत्या बाजूने काय मांडायचे ते मला येते. मी काहीही मांडले नाही. दोन्ही हातांनी बरणी भिंतीवर ठेवली. तिने ती कडेवर घेतली, लेकरू घेतात तशी.

'प्रमाण बोलो,' ती म्हणाली. 'अक्का तो अंदाजसे डालती थी. तुम मापवाले. लिखके रखा है बोलती थी वो, अलमारीमें. सबको बोलती थी, हमारे आप्पाने लिखा.'

हे मला माहीत नव्हते, अक्का. त्या चुकीच्या कागदाविषयी तू लोकांना अभिमानाने सांगत होतीस.

मी आत जाऊन कपाट उघडले. कागद पिवळा पडला आहे, चारही कोपरे तेलकट आहेत, तुझ्या हाताचे. मीठ बरोबर आहे, तेवढे तू घातलेलेच आहे. मोहरी, मेथी, तिखट, हिंग बरोबर. ते मी भिंतीपाशी येऊन एकेक वाचून सांगितले आणि तिने बोटांवर मोजून घेतले. तेलाच्या ओळीपाशी मी थांबलो. खिशातले पेन काढून ती ओळ आडवी खोडली.

'और तेल?'

'तेल वर दिसलं पाहिजे,' मी म्हणालो. 'बोटभर.'

'किसका बोट, आप्पा? मेरा तो ये है,' आणि तिने आपले जाड बोट, कापसाच्या कामाने राठ झालेले, माझ्यासमोर धरले.

'अक्काचं.'

आम्ही दोघेही आपापल्या हातांकडे पाहत उभे राहिलो. मग ती बरणी घेऊन आत गेली, आणि मी खड्डा बुजवला.

आज तिसरा दिवस. सकाळी फोडणीचा वास विरून गेल्यावर तिने भिंतीवरून हाक मारली आणि फडके सोडून बरणी माझ्या बाजूला कलती केली. भिंत तुला माहीत आहे, माझ्या छातीइतकी; पण माझी उंची आता पूर्वीची नाही. टाचा उचलून पाहिले. फोडी खाली होत्या, लालसर, एकमेकींना धरून. त्यांच्यावर तेल दिसत होते.

मी मोजले नाही, अक्का. बोटभर होते.